शेतातून वीज काढायची, तर आधी मोजमाप

शेतकऱ्याच्या दारात विजेचा विषय घेऊन येणारा माणूस बहुधा काहीतरी विकायला आलेला असतो, नाहीतर जमीन मागायला. त्याच्याजवळ छापील तक्ते असतात, आकडे असतात आणि बोलायची सवय असते. आपल्याजवळ मात्र आपल्याच शेताचे आकडे नसतात. दिवसाला किती पाणी उपसतो, मोटर तासाला किती युनिट खाते, गोठ्यातून किती किलो शेण निघतं, असं कुणी विचारलं की आपण अंदाज सांगतो. सौदा तिथेच समोरच्याच्या बाजूला झुकतो.

म्हणून या लेखातला क्रम नेहमीपेक्षा वेगळा आहे. सौर पॅनेल कोणतं घ्यायचं हे बरंच नंतर येईल. आधी वही, वजनकाटा, बादली आणि घड्याळ. ऊन, वारा, वाहतं पाणी, शेण आणि पिकाचा उरलेला पालापाचोळा यांपासून शेतकऱ्याला चार प्रकारे फायदा घेता येतो: स्वतःची गरज भागवणं, उरलेली वीज विकणं, जमीन भाड्याने देणं, किंवा चारजणांनी मिळून प्रकल्प उभारणं. माझं मत विचाराल तर याच क्रमाने विचार करावा. स्वतःच्या वापराचा हिशेब पक्का झाल्याशिवाय भाडेकराराच्या कागदाला हात लावू नये.

पायरी १: खर्चाची वही

मागच्या बारा महिन्यांची विजेची बिलं आणि डिझेलच्या पावत्या एकत्र करा. पावत्या नसतील तर आजपासून लिहायला लागा. महिन्यानुसार युनिट आणि लिटर वेगवेगळे मांडा, कारण शेतातला वापर वर्षभर सारखा नसतो. पेरणीनंतरचे दोन महिने मोटर रात्रंदिवस चालते आणि पुढे तीन महिने बंद पडून राहते, असं चित्र दिसलं तर ते नीट लक्षात ठेवा. पैशाचं गणित पुढे इथेच फिरणार आहे.

मग मोटरची खरी भूक मोजा. बाकी सगळं बंद ठेवून मीटरवरचा आकडा लिहा, मोटर बरोबर एक तास चालवा, पुन्हा आकडा लिहा. त्याच वेळी पाइपच्या तोंडाशी दोनशे लिटरचा पिंप ठेवून तो किती सेकंदांत भरतो ते पाहा. पाच अश्वशक्तीची मोटर म्हणजे सुमारे ३.७ किलोवॉट, पण हा तिचा पाटीवरचा आकडा झाला. जुनी, दोनतीनदा गुंडाळलेली मोटर त्यापेक्षा जास्त वीज घेते आणि पाणी कमी देते.

याच वेळी पाइपकडेही बघा. पाण्याचा प्रवाह तेवढाच ठेवून पाइपचा व्यास निम्मा केला, तर घर्षणाने वाया जाणारी ताकद सुमारे बत्तीसपट होते. अरुंद पाइप, नको तिथले काटकोनी बेंड, गळका फूटव्हॉल्व्ह, झिजलेला इंपेलर ही सगळी छुपी बिलं आहेत. ती आधी मिटवा. गळती तशीच ठेवून मोठा सौर पंप बसवला, तर गळतीसाठीही पॅनेल विकत घ्यावी लागतात.

पायरी २: शेतात काय आहे, ते मोजा

उन्हासाठी साधी काठी पुरते. जिथे पॅनेल बसवायचा विचार आहे तिथे माणसाच्या उंचीची काठी रोवा आणि वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपास सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता तिथे उभं राहून पाहा. झाड, गोठ्याचं छप्पर, विजेचा खांब, टाकी यांपैकी कशाचीही सावली त्या जागेवर येते का? काठीची सावली आणि झाडाची उंची यांच्या प्रमाणावरून सावली कुठवर पोचेल हे काढता येतं. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा हीच जागा मोकळी दिसते आणि फसवते.

वाहत्या पाण्यासाठी दोन आकडे लागतात, प्रवाह आणि उतार. ओढा लहान असेल तर माती-दगडाचा तात्पुरता बांध घालून सगळं पाणी एका पाइपातून काढा आणि मोजलेली बादली किती सेकंदांत भरते ते पाहा. वीस लिटरची बादली दोन सेकंदांत भरली तर प्रवाह सेकंदाला दहा लिटर. उतार मोजायला पारदर्शक नळीत पाणी भरा. दोन्ही टोकांतली पातळी सारखी असते, त्यामुळे टप्प्याटप्प्याने खाली उतरत उंचीचा फरक मोजत जाता येतं. हे मोजमाप सर्वांत कोरड्या महिन्यातही करा. पावसाळ्यातल्या आकड्यावर कुणीही यंत्र विकेल.

शेणाचं वजन सलग आठ दिवस करा. मोठ्या जनावराचं दिवसाला दहा किलो किंवा त्याहून जास्त शेण धरतात, पण जनावरं दिवसभर चरायला जात असतील तर गोठ्यात त्यातलं अर्धंच पडतं. कागदावरचं शेण गोबरगॅसच्या संयंत्रात जात नाही.

वारा मात्र अंगाला लागतो म्हणून पुरेसा आहे असं समजू नका. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनानुसार बदलते. सेकंदाला चार मीटरऐवजी सहा मीटर वेग मिळाला तर ताकद दीडपट होण्याऐवजी तिपटीहून जास्त होते. अंदाज थोडा चुकला तरी हिशेब पार कोसळतो, तो यामुळेच. पवनचक्की जेवढ्या उंचीवर असणार, तेवढ्या उंचीवर वर्षभर वेगमापक लावणं हाच खरा मार्ग.

पायरी ३: सौर पंप, सविस्तर

शेतीसाठी सौर ऊर्जेचा सर्वांत सरळ उपयोग म्हणजे पाणी उपसणं. ऊन कडक असतं तेव्हाच पिकाला पाणी जास्त लागतं आणि तेव्हाच पंपही जोरात चालतो. शिवाय पाणी टाकीत किंवा शेततळ्यात साठवता येत असल्याने महागडी बॅटरी लागत नाही. भरलेली टाकी हीच बॅटरी.

पंप किती मोठा हवा, हे विक्रेत्याला विचारण्याआधी स्वतः काढा. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एकराला सुमारे चार हजार लिटर, म्हणजे चार घनमीटर. पिकाला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं, तर दोन एकरांना रोज चाळीस घनमीटर, म्हणजे चाळीस हजार लिटर पाणी लागेल. आता उचल पाहा. भर उन्हाळ्यात, उपसा चालू असताना पाण्याची पातळी जिथवर खाली जाते तिथून ते पाणी सोडण्याच्या जागेपर्यंतची उंची, अधिक पाइपातलं घर्षण. समजा हे सगळं मिळून तीस मीटर भरलं.

सूत्र सोपं आहे: घनमीटर गुणिले मीटर, भागिले ३६७, उत्तर युनिटमध्ये. चाळीस गुणिले तीस म्हणजे बाराशे, भागिले ३६७, म्हणजे सुमारे ३.३ युनिट. ही झाली निव्वळ पाणी वर उचलायला लागणारी ऊर्जा. पंप आणि मोटर मिळून घेतलेल्या विजेपैकी चाळीस टक्केच पाणी उचलायला लावतात असं धरलं, तर रोज ८.२ युनिट लागतील. कडक उन्हाचे पाच तास मिळतात आणि उष्णता, धूळ, तारा यांत पाव भाग जातो असं मानलं, तर एक किलोवॉट पॅनेल रोज पावणेचार युनिट देतं. म्हणजे गरज २.२ किलोवॉटची, ५५० वॉटची चार पॅनेल. ढगाळ दिवसांसाठी पाचवं जोडलं तर हात मोकळा राहतो. दोन एकरांसाठी कुणी तुम्हाला याच्या तिप्पट संच सुचवत असेल, तर त्याच्यासमोर हाच कागद ठेवा आणि फरक कुठून आला ते विचारा. कारण खरंही असू शकतं. विहीर खोल असेल, पीक जास्त पाणी पिणारं असेल.

ठिबकला दाब लागतो. साधारण दहा मीटर उंचीइतकी उचल वाढते, पण पाण्याची गरज बरीच घटते. म्हणून ठिबकचा निर्णय पंपाच्या आधी घ्या, नंतर घेऊ नका.

आता सावलीबद्दल, कारण माझी चूक इथेच झाली. संच बसवणारा ज्या दिवशी आला त्या दिवशी गाडी जिथवर पोचली तिथेच खड्डे खणले गेले. मे महिना होता, ऊन लख्ख होतं, बांधावरचं झाड कुणाच्या मनातही आलं नाही. डिसेंबरात पाहतो तर सकाळी साडेदहापर्यंत त्या झाडाची सावली खालच्या ओळीतल्या पॅनेलवर पडलेली, आणि पंप नुसताच घरघरतोय. पॅनेलमधले सेल माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. एका सेलवर सावली आली की तो पूर्ण माळेचा प्रवाह अडवतो. त्यावर उपाय म्हणून पॅनेलमध्ये सहसा तीन बायपास डायोड असतात, ते अडलेला भाग वगळून वीज पुढे नेतात, पण तेवढी वीज जातेच. चार बोटांच्या फांदीची सावली पॅनेलचा तिसरा हिस्सा झोपवू शकते. मी शेवटी झाडाला हात न लावता सांगाडा अकरा मीटर सरकवला. नवे पाये, नवी तार, सगळा खर्च दुसऱ्यांदा.

पॅनेलचं तोंड विषुववृत्ताकडे, म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेला, आणि कल साधारण त्या जागेच्या अक्षांशाइतका ठेवतात. पाटीवरची क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते. भर दुपारी पॅनेल ६० अंशांपर्यंत तापतं आणि दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के क्षमता घटते. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू नका, खालून वारा खेळू द्या.

एक गोष्ट मनापासून सांगतो. सौर पंपाचं पाणी फुकट वाटायला लागतं आणि हात सैल सुटतो. वीज गेली की उपसा आपोआप थांबायचा, आता तो रोज चालतो. जमिनीखालचं पाणी मात्र तेवढंच आहे. टाकीला तरंगता स्विच लावा, विहिरीत पातळीचा दोर सोडून दर महिन्याला नोंद करा. पातळी दोन हंगाम सलग खाली जाताना दिसली तर पंप वाढवू नका, पीक बदला.

पायरी ४: गोठ्याच्या छपरावरची वीज

पंपाव्यतिरिक्त दूध थंड करणं, कडबा कापणं, धान्य दळणं, घरचे दिवे यांना वीज लागते. छपरावर पॅनेल बसवून ते विजेच्या लाइनला जोडता येतं आणि जिथे नियम मुभा देतात तिथे जास्तीची वीज मीटरमार्फत परत देता येते. मात्र लाइनला जोडलेला साधा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरच्या विजेसारखी करून देणारं यंत्र, लाइन गेली की स्वतःही बंद होतो. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या माणसाला आपल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ती सोय असते. लख्ख ऊन, छपरावर पॅनेल, आणि घरात वीज नाही, हे पाहून अनेकांना फसवलं गेल्यासारखं वाटतं. वीज जाण्याचाच त्रास असेल तर बॅटरीवर चालू शकणारा इन्व्हर्टर आधीच ठरवा, आणि बॅटरी फक्त गरजेच्या उपकरणांपुरती घ्या. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापर्यंतच रिकामी करावी, लिथियम आयर्न फॉस्फेटची ऐंशी टक्क्यांपर्यंत करता येते. किंमत तोलताना हे धरा.

छप्पर पॅनेलचं वजन आणि वादळाचा ओढा पेलेल का, हे सुताराला किंवा अभियंत्याला दाखवा. गंजलेल्या पत्र्यावर पंचवीस वर्षांची वस्तू बसवू नये.

पायरी ५: गोबरगॅस

सौर पॅनेलच्या गाजावाजात गोबरगॅस मागे पडला याचं मला वाईट वाटतं. ज्याच्या गोठ्यात चारपाच जनावरं कायम बांधलेली आहेत, त्याच्यासाठी याइतका भरवशाचा मार्ग दुसरा नाही. ढग असोत वा रात्र, तो चालतो.

हिशेब असा. पंचवीस किलो ताज्या शेणापासून सुमारे एक घनमीटर वायू मिळतो. त्यात ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. एक घनमीटर वायू म्हणजे अर्ध्या किलोपेक्षा थोड्या कमी एलपीजीची बरोबरी. पन्नास किलो शेण रोज मिळत असेल तर दोन घनमीटरचं संयंत्र चालतं आणि एक शेगडी दिवसाकाठी चारपाच तास पेटते. इंजिन लावून वीजही करता येते, पण एका घनमीटरला दीड-दोन युनिटच मिळतात. लहान गोठ्यात वायू चुलीवरच जाळलेला बरा.

शेण आणि पाणी सारख्या प्रमाणात, गुठळ्या मोडून, काड्या आणि खडे काढून रोज ठरल्या वेळी टाका. आतले जिवाणू तीस-पस्तीस अंशांना खूश असतात, पंधरा अंशांखाली जवळपास झोपतात. म्हणून थंड भागात टाकी जमिनीत असावी आणि वर उन्हाचा तुकडा पडावा. जागा गोठ्याजवळ, स्वयंपाकघरापासून फार लांब नाही, आणि विहिरीपासून दहा-पंधरा मीटर तरी दूर. वायूच्या पाइपाला उतार द्या आणि सर्वांत खालच्या जागी साचलेलं पाणी काढायची तोटी बसवा. शेगडी फडफडायला लागली की नव्वद टक्के वेळा पाइपात पाणी साचलेलं असतं.

पहिली भरणी झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी वायू यायला लागतो. सुरुवातीचा वायू पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. तो मोकळ्या हवेत सोडून द्या. ज्योत निळी, स्थिर लागली की समजा संयंत्र बसलं. गोठा फिनाइलने धुतलेलं पाणी किंवा साबण आत गेला तर जिवाणू मरतात. हिरवा कचरा एकदम जास्त टाकला तर आतलं आंबट होतं आणि वायू थांबतो. अशा वेळी चारपाच दिवस भरणी बंद ठेवायची.

टाकीत माणूस कधीही उतरवू नका. रिकामी दिसली तरी नाही, दोर बांधूनही नाही. आतल्या वायूत श्वास घेण्याजोगी हवा नसते आणि हायड्रोजन सल्फाइड विषारी असतो. आत पडलेल्याला काढायला उतरलेला दुसरा माणूसही जातो, अशा घटना वारंवार घडल्या आहेत. हवेत मिथेनचं प्रमाण पाच ते पंधरा टक्के झालं की ठिणगीनेही स्फोट होतो, म्हणून टाकीजवळ विडी-काडी नको.

आणि बाहेर पडणारी मळी, म्हणजे वायू निघून गेल्यावर उरलेलं पातळ शेण. खरं सांगायचं तर संयंत्राची निम्मी कमाई तीच. तिच्यातला नत्र पिकाला लगेच लागू पडणाऱ्या रूपात असतो, पण मळी उन्हात पसरून वाळवली की तोच नत्र अमोनिया होऊन उडून जातो. ओलीच पाण्याबरोबर पाटातून सोडा, नाहीतर पालापाचोळ्यात मिसळून खड्ड्यात कुजवा.

पायरी ६: ओढा, वारा, पालापाचोळा

बारमाही ओढा आणि उतार ज्याच्या शेतात आहे तो नशीबवान. सेकंदाला दहा लिटर पाणी वीस मीटर खाली पडत असेल, तर लहान यंत्राची निम्मी कार्यक्षमता धरूनही एक किलोवॉट मिळतो. आकडा लहान वाटतो, पण तो रात्रंदिवस मिळतो, म्हणजे रोज चोवीस युनिट. तेवढ्यासाठी सौर पॅनेल सहा किलोवॉटची लागतील. ओढ्याचं सगळं पाणी वळवू नका, खालच्या माणसांचा आणि माशांचा त्यावर हक्क आहे. पाइपाच्या तोंडाशी जाळी लावून ती रोज साफ करायची तयारी ठेवा.

घरापुरत्या लहान पवनचक्कीबाबत मी कुणाला सहसा होकार देत नाही. वार्षिक सरासरी वेग सेकंदाला पाच मीटरच्या वर असेल आणि चक्की दीडशे मीटर परिसरातल्या सर्व झाडा-घरांपेक्षा किमान दहा मीटर उंच बसवता येत असेल, तरच विचार करावा. अल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार कोणतीही चक्की वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा काढू शकत नाही. त्याहून जास्त सांगणाऱ्याला नमस्कार करून वाटेला लावा.

पिकाच्या अवशेषांपासून जळणाच्या विटा किंवा गोळ्या करून विकता येतात. मात्र सगळा पाला शेताबाहेर गेला तर माती उपाशी राहते. जे अवशेष नाहीतरी बांधावर जाळले जातात, तेवढेच द्या.

पायरी ७: पॅनेलखाली पीक

जमीन विजेला द्यायची की पिकाला, हा प्रश्न आडॉल्फ गोएट्झबर्गर आणि आर्मिन झास्त्रो या जर्मन शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये वेगळ्या तऱ्हेने सोडवून दाखवला. पॅनेल उंच आणि विरळ लावली तर खाली शेती चालू राहते, असं त्यांचं म्हणणं. पुढे २०१६ मध्ये फ्राउनहोफर या संशोधन संस्थेने जर्मनीत कॉन्स्टन्स सरोवराजवळच्या हेगेलबाख इथल्या शेतावर पाच मीटर उंचीवर पॅनेल बसवून गहू, बटाटा, सेलरीचे कंद आणि गवत-क्लोव्हरचा चारा घेतला. २०१७ मध्ये वीज आणि पीक मिळून जमिनीचा उपयोग १६० टक्के भरला, म्हणजे दोन्ही वेगवेगळं घ्यायला १.६ पट जमीन लागली असती. २०१८ च्या कडक उन्हाळ्यात तो १८६ टक्क्यांवर गेला आणि चारपैकी तीन पिकांचं उत्पादन उघड्या रानापेक्षा जास्त आलं. पाणी कमी, ऊन जास्त अशा वर्षी सावलीच उपयोगी पडली.

यातून धडा घ्यायचा तो नीट घ्या. पालेभाज्या, कंद, चारा अशा पिकांना थोडी सावली चालते. मक्यासारखं उन्हाचं भुकेलं पीक मार खातं. सांगाड्याच्या दोन खांबांमधलं अंतर ट्रॅक्टर आणि त्यामागचं सर्वांत रुंद अवजार मोजून ठरवा, वळायची जागा धरून. पॅनेलच्या कडेवरून पाऊस एका रेषेत पडून चर पडतो, तिथे पाला टाका किंवा पन्हाळी लावा. उंच सांगाड्याला लोखंड जास्त लागतं, खर्च वाढतो. तेवढं बजेट नसेल तर साध्या उंचीच्या पॅनेलखाली मेंढ्या चारणं हा चालून गेलेला मार्ग आहे. शेळ्या नकोत, त्या वर चढतात आणि तारा कुरतडतात.

जपानने २०१३ मध्ये शेतजमिनीवर अशा पॅनेलना परवानगी देताना अट घातली की खालचं उत्पादन त्या भागाच्या सरासरीच्या ऐंशी टक्क्यांखाली जाता कामा नये. भाडेकरारात अशीच अट आपणही मागू शकतो.

पायरी ८: जमीन भाड्याने देताना

एक मेगावॉटच्या सौर प्रकल्पाला चार ते पाच एकर जमीन लागते आणि करार वीस-पंचवीस वर्षांचा असतो. म्हणजे आज सही करणाऱ्याच्या मुलांनाही तो पाळावा लागणार. मोठ्या पवनचक्कीचं वेगळं आहे. पाया आणि रस्ता मिळून एखादा एकर जातो, बाकीचं रान पिकाखाली राहतं.

तुमच्या जमिनीला भाव कशाने येतो, तर मातीपेक्षा वीज उपकेंद्राच्या जवळिकीने. उपकेंद्र जवळ, त्यात जागा शिल्लक, जमीन सपाट आणि रस्त्यालगत, असं असेल तर घासाघीस करायला तुमच्या हातात बळ आहे. उपकेंद्रात क्षमता शिल्लक आहे का, हे स्वतः जाऊन विचारा.

करार वाचताना सर्वांत आधी पहिल्या दोनतीन वर्षांचं कलम शोधा. पुष्कळ कंपन्या आधी फक्त जमीन राखून ठेवण्याचा हक्क घेतात, परवानग्या मिळेपर्यंत पूर्ण भाडं देत नाहीत, आणि त्या काळात तुम्हाला ती जमीन दुसऱ्या कुणाला देताही येत नाही. या मुदतीला शेवट असावा आणि त्या काळाचेही पैसे मिळावेत. भाडं दरवर्षी किती टक्क्यांनी वाढेल ते आकड्यात लिहून घ्या. पंचवीस वर्षं गोठलेलं भाडं म्हणजे शेवटच्या दहा वर्षांत जवळपास फुकट जमीन.

कंपनी या करारावर कर्ज काढू शकते, तो दुसऱ्याला विकू शकते. ते थांबवता येईलच असं नाही, पण नव्या मालकावर सर्व अटी बंधनकारक राहतील आणि तुमची जमीन तारण पडणार नाही, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. जमिनीवरचा कर वाढला तर तो कोण भरणार? कुंपणाबाहेर उरलेल्या तुकड्याला वाट आणि पाणी कुठून? केबल नांगराच्या फाळापेक्षा कितीतरी खोल, किमान एक मीटर खाली गाडल्या जातील का? जुन्या निचऱ्याच्या चाऱ्या फुटल्या तर दुरुस्त कोण करणार?

सगळ्यात दुर्लक्षित कलम म्हणजे शेवटचं. मुदत संपल्यावर सांगाडे, काँक्रीटचे पाये आणि जमिनीतल्या तारा कोण काढणार, आणि कंपनी तोवर बुडालेली असेल तर? यासाठीची रक्कम सुरुवातीलाच, निदान पहिल्या काही वर्षांत, बँकेत हमी म्हणून ठेवायला लावा. बांधकामाच्या वेळी वरची सुपीक माती वेगळी काढून एका बाजूला रचून ठेवण्याची अटही घाला. जड यंत्रांखाली दबलेली माती सैल व्हायला कित्येक हंगाम लागतात. सही करण्याआधी स्वतःच्या पैशाने स्वतःचा वकील लावा, कंपनीने सुचवलेला नको.

चौथा मार्ग भागीदारीचा. कोपनहेगनजवळ समुद्रात २००० साली उभ्या राहिलेल्या मिडेलग्रुंडेनच्या वीस पवनचक्क्यांपैकी निम्म्या आठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेच्या मालकीच्या होत्या. शेजारचे दहा शेतकरी एकत्र आले तर जोडणीचा खर्च वाटला जातो आणि भाव ठरवताना आवाज मोठा होतो. मतभेद कसे सोडवायचे, एखाद्याला बाहेर पडायचं असेल तर त्याचा हिस्सा कोण आणि कशा भावाने घेणार, हे मैत्री घट्ट असतानाच लिहून ठेवा.

पायरी ९: पैसे परत कधी?

समजा एकूण खर्च शंभर, वर्षाची बचत पंधरा आणि देखभाल दोन. निव्वळ तेरा. शंभर भागिले तेरा, म्हणजे पावणेआठ वर्षं. पॅनेल पंचवीस वर्षं चालतात आणि दरवर्षी सुमारे अर्धा टक्का क्षमता गमावतात, पण इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांनी एकदा बदलावा लागेल हे धरा. कर्ज काढलं असेल तर व्याज मिळवा.

आता पायरी १ मधली वही उघडा. पंप वर्षात दीडशे दिवसच चालत असेल तर उरलेले दोनशेहून अधिक दिवस पॅनेल रिकामी बसतात आणि परतफेड लांबते. त्या दिवसांत त्याच पॅनेलवर कडबाकुट्टी, चक्की किंवा वाळवणयंत्राचा पंखा चालवणारा कंट्रोलर घेतला, तर तेच पैसे लवकर फिटतात. अनुदान मिळत असेल तर आनंद आहे, पण हिशेब एकदा अनुदानाशिवायही मांडून पाहा.

पायरी १०: बसवताना आणि बसवल्यावर

कामाच्या दिवशी शेतात हजर राहा. अर्थिंगचा खड्डा डोळ्यांनी पाहा, आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक लावला का ते बघा, तारा उघड्यावर लोंबू देऊ नका, उंदीर आणि ऊन दोन्ही त्यांना खातात. पॅनेलकडून येणारी वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी असते. चालू असताना तिचा जोड ओढला तर पेटलेली ठिणगी सहज विझत नाही. आधी स्विच बंद, मगच हात. हे घरातल्या प्रत्येकाला शिकवा.

पॅनेल पहाटे किंवा संध्याकाळी, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर ती तडकू शकते.

संच चालू झाल्यावरच्या पहिल्या निरभ्र दिवशी दुपारी बारा ते एक या तासात किती युनिट झाले आणि दोनशे लिटरचा पिंप किती सेकंदांत भरला, ते तारखेसह वहीत लिहा. प्रत्येक पॅनेलच्या पाठीवरच्या क्रमांकाचा फोटो काढून हमीपत्राबरोबर ठेवा. मग दर महिन्याला अशाच निरभ्र दिवशी, त्याच तासाला, तोच पिंप. ऋतूप्रमाणे आकडा थोडा हलतो, म्हणून एक वर्ष झालं की मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. भरायला एकदम तिसऱ्या हिश्शाने जास्त वेळ लागायला लागला, तर आधी पॅनेल पुसून पाहा, मग सावली, मग जोड. तरी फरक राहिला तर हमीची मुदत संपण्याआधी वही आणि फोटो घेऊन लेखी तक्रार द्या आणि पोच घेऊनच परत या.